डावा पुढचा

प्लग ओढल्याचं तिच्या उजव्या हाताला आठवलं. परत लावल्याचं काही केल्या आठवेना. टायरवाल्या काकांनी हेडफोनमध्ये "कोरडे तयार आहेत" एवढंच म्हटलं होतं, तेही नेहमीच्या सुरात, पानं वाढलीत म्हणावं तसं. पण त्या शब्दांसरशी आलेखावर टेकलेला तिचा हात आपोआप उचलला गेला, अंगठा आणि दोन बोटं जवळ आली, आणि घट्ट बसलेलं काहीतरी किंचित हलवून ओढावं तशी मागे आली. प्लगचा तो हट्टीपणा, मग त्याचं एकदम सुटणं, वायरीचा कोमटपणा, सगळं हातात जसंच्या तसं होतं. पुढचं काहीच नव्हतं. सिनेमा बघताना डुलकी लागावी आणि डोळे उघडावेत तर मंडळी भलत्याच गावाला पोचलेली, तसं त्यानंतर एकदम शर्यतीचा भोंगा, तिचं धावत रस्ता ओलांडून या खुर्चीवर येणं, आणि दुसऱ्याच फेरीला बादली उपडी केल्यासारखा पाऊस. आता एकतिसावी फेरी चालू होती. पाऊस थांबून पाव तास झाला होता. गाडी आत बोलवून कोरडे टायर चढवायचे की नाही, हे तिने पुढच्या दीड मिनिटात सांगायचं होतं, आणि ती बसली होती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत.

शर्यत शहराच्या रस्त्यांवरच होती. एरवी जिथे बँकेतले कारकून आपल्या दुचाकी लावत, त्या इमारतीच्या तळघरवजा वाहनतळात टीमचं गॅरेज होतं. समोर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे पत्र्याच्या मचाणावर ओळीने चार खुर्च्या. त्यातली दुसरी तिची. गॅरेज आणि खुर्ची यांत पंधरा पावलांचं अंतर, पण गाड्या आत येऊ लागल्या की ती पंधरा पावलं ओलांडायला बंदी. या रस्त्यांची तिला इतरांना नव्हती अशी माहिती होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण ती बाबागाडीवरून मिळालेली होती. औषधांच्या दुकानासमोर रस्ता डावीकडे कलतो, तिथे डबकं दोन दोन दिवस राहतं. पुलाखाली कधीच ओलं नसतं. शाळेच्या भिंतीलगतची झाडं पाऊस थांबल्यावरही तीन-चार तास गळत राहतात, आणि नेमकी त्यांच्याखाली पादचाऱ्यांची पांढऱ्या पट्ट्यांची जागा आहे, जिथे कोरड्या दिवशीसुद्धा चप्पल सटकते. ज्या वळणावर गाड्या आत्ता ताशी दोनशेवरून चाळीसवर येत होत्या, तिथे ती रोज सकाळी ठमीला घेऊन सिग्नलची वाट बघत उभी राहायची. ठमी म्हणजे तिची मुलगी, पाच महिन्यांची. कागदावरचं नाव लांबलचक आणि चांगलं होतं, पण ते अजून कुणी वापरात आणलं नव्हतं.

काम ऐकायला सोपं होतं. मुसळधार पावसात खोल खाचांचे टायर, ओलसर रस्त्यावर उथळ खाचांचे, ज्यांना सगळे नुसतं 'मधले' म्हणत, आणि कोरड्यावर खाचाच नसलेले, टकलासारखे गुळगुळीत. ओल्यात टकले गेले तर गाडी साबणावर उभी. वाळत्या रस्त्यावर मधले राहिले तर ते तापून त्यांची साल निघायला लागते. तिच्या आलेखावर दोन रेघा होत्या, एक चढती, एक उतरती, आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात ती फेरी ओळखायची, बस्स. पण ती फेरी खरी कोणती होती हे कुणीतरी आधी जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. पहिला जातो तो शहाणा ठरतो किंवा खुळा, आणि शेवटी जातो त्याला दुसऱ्या दिवशी सगळं समजलेलं असतं. तिला याचंच नवल वाटायचं. रस्ता वाळतो म्हणजे नक्की कधी वाळतो? आत्ता ओला आहे, आत्ता ओला आहे, आत्ता ओला आहे, आणि मग वाळलेला आहे. मधला क्षण कुणी बघितलाय? ठमी झोपते तेव्हा ती असंच बघत बसायची, की जागेपण कुठे संपतं. दर वेळी चुकायचं. पापणी लवायची आणि झालेलं असायचं.

सकाळी तिने दूध काढायचा पंप चार्ज केला नव्हता. सुरुवात तिथून होती, किंवा त्याच्याही आधी, कारण पंप चार्ज न करण्याचं कारण म्हणजे पहाटे ठमीचे पाय तिला गार लागले होते आणि ती अर्धा तास तळवे हातात धरून बसली होती. बाळंतपणानंतरची तिची ही पहिली शर्यत. सहा महिने तिच्या खुर्चीवर एक माणूस बसला होता, त्याला सगळे 'बदली' म्हणत. हिशेब तिच्याहून झटकन करायचा, कधी आवाज चढवायचा नाही, आणि त्याच्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं हीच तिची मोठी तक्रार होती. आजही तो गॅरेजमध्ये मागच्या टेबलावर बसून तेच आकडे बघत होता. टीमचे प्रमुख, ज्यांना तोंडावरसुद्धा 'थोरले' म्हणण्याची पद्धत होती, त्यांनी तिला साफ सांगितलं होतं की पुढच्या हंगामाला खुर्ची कुणाची ते या शर्यतीनंतर बघू. शर्यत सुरू व्हायला अर्धा तास उरलेला असताना तिची छाती दगडासारखी झाली. शौचालयासमोर रांग. मग टायरवाल्या काकांनी काही न विचारता टायरांच्या चळती थोड्या सरकवून भिंतीपाशी एक कोपरा केला, आत स्टूल ठेवलं, आणि म्हणाले की त्या टोकाचं सॉकेट रिकामं आहे ताई, तेवढं घ्या, बाकी कशाला हात लावू नका. आणि पाठ करून उभे राहिले. साठीचा माणूस, हाताला कायम रबराचा वास. कुणी येऊ लागलं की खाकरायचे.

टायर शर्यतीआधी तासभर गरम करून ठेवावे लागतात. त्यांच्याभोवती विजेवर तापणारी आवरणं गुंडाळतात. काका त्यांना दुलया म्हणत, म्हणून सगळेच दुलया म्हणत. कोरड्या टायरांचे दोन संच होते, एक कोरा, आणि एक सकाळी सरावात नऊ फेऱ्या धावलेला. ती बसली होती ती कोऱ्या संचामागे. टोकाच्या सॉकेटात पंप लावला तर तो घुमेना. वायर सैल असेल म्हणून तिने हलवून बघितली, उलटी करून बघितली. वेळ चालला होता. शेवटी तिने शेजारचा प्लग ओढला. दुलईचा. दहा मिनिटांत टायरला काय होतंय, दुलईत गुंडाळलेलाच तर आहे, असं तिने स्वतःला शास्त्रशुद्ध सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. वायरीवर खडूने लिहिलेली चिठ्ठी डकवलेली होती: डा. पु. डावा पुढचा. पंप घुमू लागला आणि तिने डोळे मिटले. पुढे बाटली भरली. झाकण बसेना. भोंगा झाला. बाटली डाव्या हातात उभी धरलेली होती, हे नक्की, कारण तिला अजून तिथे चिकट लागत होतं. मग उजव्या हाताने काय केलं?

तिचे बाबा घराला कुलूप लावताना तिला साक्षीला उभं करत. पाच-सहा वर्षांची असेल. कुलूप लावायचे, तीनदा ओढून बघायचे, आणि मग तिच्याकडे वळून म्हणायचे, बघितलंस ना, लावलं, आता तू साक्षीदार. बसथांब्यापर्यंत गेलं की बाबांच्या चेहऱ्यावर पुन्हा शंका यायची, आणि ती न विचारता सांगायची, लावलंय बाबा. आई हसायची, की या घरात कुलपापेक्षा पोर मजबूत आहे. पण त्या पोरीला एक गोष्ट तेव्हाच कळली होती आणि तिने ती कधी कुणाला सांगितली नाही: की बसथांब्यावर ती 'लावलंय' म्हणायची तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर आजचं कुलूप नसायचं. कालचं, परवाचं, सगळ्या दिवसांची कुलपं एकावर एक ठेवून झालेलं एकच जाड कुलूप असायचं. साक्ष ती त्याची द्यायची. आत्ताही तिने प्लग परत लावतानाचं चित्र आणून बघितलं, आणि ते लगेच आलं, इतकं लगेच की तिला त्याचा संशय आला. त्यात तिचा हात तिला बाहेरून दिसत होता. आपला स्वतःचा हात आपल्याला कधी बाहेरून दिसतो का? ओढतानाच्या आठवणीत हात नव्हता, नुसता चिमटा होता. म्हणजे ओढणं झालेलं होतं आणि लावणं रचलेलं. की सगळ्या खऱ्या आठवणी सुरुवातीला अशाच रचलेल्या दिसतात?

"वेधशाळा, काय म्हणता?" हेडफोनमध्ये मास्तर. मास्तर म्हणजे गाडी चालवणारा. अडतीस वर्षांचा, पूर्वी लोकांना गाडी शिकवायचा, आणि हंगामातल्या सगळ्यात धीम्या गाडीतून आठव्या जागी होता. तिला वेधशाळा म्हणण्याचा मान त्याचा एकट्याचा. "इकडे वाटेचा पट्टा वाळलाय. झाडांखाली अजून चिखल. मी ओलं शोधत चाललोय."

ओलं शोधत चाललोय, म्हणजे सरळ रस्त्यावर मुद्दाम डबक्यातून टायर नेऊन थंड करतोय. म्हणजे मधले तापले. आलेखावरच्या दोन रेघांमध्ये आता नखाएवढी फट होती. बाजूच्या खुर्चीवर थोरल्यांनी नुसत्या भुवया वर केल्या. हवामानाच्या पडद्यावर मात्र एक हिरवा डाग नदीकडून सरकत होता आणि आकडा सांगत होता की आठ मिनिटांत पुन्हा सर येईल. तो डाग गेली दहा मिनिटं आठच मिनिटांवर होता. आणि तेवढ्यात शर्यतीच्या चित्रात अकरावं वळण आलं, गाड्यांच्या मागे इमारती, आणि त्यातल्या एकीच्या तिसऱ्या मजल्यावर तिला तिची स्वतःची गॅलरी दिसली. गॅलरीत सासूबाई. शर्यतीकडे त्यांची पाठ होती. त्या दोरीवर लंगोट वाळत घालत होत्या. एक झटकला, घातला. दुसरा झटकला, घातला. चित्र बदललं.

सासूबाईंचा कपड्यांचा हिशेब घरात प्रसिद्ध होता. त्या आभाळाकडे न बघता उठायच्या, दोरी मोकळी करायच्या, आणि शेवटचा कपडा आत आला की सर यायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी सुनेने हे वहीत मांडून बघितलं होतं, कारण कामाचं होतं, आणि मापात मावेना म्हणून सोडून दिलं होतं. गॅलरी नदीकडच्या बाजूला होती. नदीवरून येणारी सर आधी त्या दोरीवर येते, मग सगळ्या शहरावर. आता त्या घालतायत म्हणजे डाग येत नाहीये. हे थोरल्यांना सांगायची सोय नव्हती. लाखांचं यंत्र म्हणतंय पाऊस, आणि आमच्या सासूबाई म्हणतायत लंगोट. पण तिच्या पोटात निर्णय बसला होता, आणि तो बसल्याचं तिला जाणवलंसुद्धा. हा मधला क्षण एरवी कधी दिसत नाही. आज दिसला.

कोरडे. याच फेरीत. फक्त त्यातला एक कदाचित गार होता, आणि तोही डावा पुढचा. या रस्त्यावर सोळांतली अकरा वळणं उजवीकडची; गाडीचं सगळं ओझं त्या प्रत्येक वळणावर डाव्या पुढच्यावर पडतं. तीन गरम, एक गार. मास्तर बाहेर पडणार, बँकेच्या कोपऱ्यावर ब्रेक दाबणार, तीन पाय जमीन धरणार आणि चौथा धरणार नाही. कोपऱ्यावर सिमेंटची भिंत. मागाहून सगळे कुणाकडे बघणार? काकांकडे. दुलया त्यांच्या, तयार आहेत म्हणाले ते. तिच्याकडे कुणी बघणारच नव्हतं, हे तिला अगदी स्वच्छ दिसलं. त्या कोपऱ्यात ती बसली होती हे माहीत असलेला एकच माणूस होता, आणि तो त्या वेळी पाठ करून उभा होता. आणि समजा प्लग लावलेलाच असला तर? मग ती उगाच सगळ्यांच्या कानात, बदलीच्या कानात, ऐकत बसलेल्या दुसऱ्या टीमच्यासुद्धा कानात, सांगणार की बाईंनी दूध काढायला टायरचा प्लग काढला. हे लोकांना वर्षानुवर्षं पुरलं असतं. आणखी एक फेरी थांबू असंही म्हणता आलं असतं. पाऊस येईल म्हणता आलं असतं. यंत्र तिच्याच बाजूने होतं. कुणाला काही कळलं नसतं, फक्त एक फेरी गेली असती, मग दुसरी. कुणी विचारलं असतं तर यंत्राकडे बोट दाखवता आलं असतं. हा मार्ग तिला एवढा सोयीचा वाटला की ती त्याच्याकडे क्षणभर कुतूहलानेच बघत राहिली, दुकानात न परवडणारी वस्तू उचलून बघावी तशी. गाडी झाडांखालून बाहेर आली. चाळीस सेकंद.

तिने बटण दाबलं.

"काका, कोऱ्या संचातला डावा पुढचा, खालचा, दुलईत हात घालून बघा. मी त्याचा प्लग काढला होता. परत लावलाय का ते आठवत नाही."

हेडफोनमध्ये चळत सरकल्याचा आवाज, कुणाचातरी दम. समोर पंधरा पावलांवर तिला काकांची पाठ दिसत होती, वाकलेली, शर्यतीआधी उभी होती तीच. आपल्याला भीती वाटत नाहीये हे तिच्या लक्षात आलं. वाटत होती ती उत्सुकता, परीक्षेच्या निकालासारखीसुद्धा नाही, मुठीत काय लपवलंय ते बघण्यासारखी.

"गार आहे," काका म्हणाले.

थोरल्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. समोर बघतच म्हणाले, "चूक कोणाची ते नंतर. टायर कुठला ते सांग."

"जुना संच. नऊ फेऱ्यांचा. याच फेरीत." आणि मग तिला ऐकू आलं की आपण पुढेही बोलतोय, "झिजलेला ओलसरात लवकर धरतो. शेवटच्या पाच फेऱ्या त्रास देईल, तेव्हाचं तेव्हा बघू."

"मास्तर, आत या," थोरले म्हणाले.

"आलो. सगळं ऐकलं मी, वेधशाळा," मास्तर म्हणाला, आणि गाडी आत वळताना त्याच्या आवाजात हसू होतं की दातांवर दात होते, ते तिला तेव्हाही कळलं नाही, नंतरही नाही.

जुना संच चढला. काकांच्या माणसांना संच बदलायची तयारी नव्हती, त्यात पाच सेकंद गेले आणि दोन गाड्या पुढे सरकल्या; आठव्याचा दहावा झाला. बँकेच्या कोपऱ्यावर ब्रेकचा दिवा लागला, गाडीचं नाक जरासं हललं आणि चारही पायांनी जमीन धरली. तिने तेव्हा कुठे श्वास सोडला, आणि श्वासाबरोबर छातीत दूध सरकलं. पुढच्या फेरीला आकडा आला तो आलेखावरच्या रेघेच्याही खाली. मास्तरनंतर एका फेरीने बाकीचे आत येऊ लागले, दोघे तर दोन फेऱ्यांनी, आणि त्या गोंधळात मास्तर दहाव्याचा सातवा झाला, एकदा तर सहावा. डाग आलाच नाही. नदीवर रेंगाळून विरून गेला. शेवटच्या फेऱ्यांत टायर खरोखरच थकले, सांगितलं होतं तसं पाच नाही, सात फेऱ्या उरल्या असतानाच. मास्तर शिव्या देत, गाडीला हाताने धरून नेल्यासारखा चालवत, सातवा आला. धीम्या गाडीला सातवी जागा म्हणजे वाईट नव्हे. मोठा पराक्रमही नव्हे. कोरा संच गरम असता तर पाचवा आला असता, असं बदलीच्या टेबलावरच्या कागदावर दशांशासकट लिहिलेलं होतं, आणि तो कागद त्याने पालथा ठेवला होता, हेही तिने बघितलं.

गॅरेजमध्ये ती पोचली तेव्हा काका चळतीमागे गुडघ्यांवर बसले होते. तिने माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं आणि बोर्डाकडे बोट केलं. दुलईचा प्लग बोर्डात होता. घट्ट, मुळापर्यंत खुपसलेला. टोकाच्या सॉकेटात. त्याच्या शेजारचं चालू सॉकेट रिकामं होतं. म्हणजे तिच्या हाताने लावला होता; बाटली सांभाळत, न बघता, जे भोक आधी बोटांना लागलं त्यात. दुलईचा लाल दिवा लागलेला नव्हता, एवढंच. ती बघत राहिली. म्हणजे रचलेली वाटली ती आठवणही खरीच होती, आणि तरी टायर गारच होता.

"लावला होतात की तुम्ही," काका म्हणाले.

"पण हे सॉकेट..."

"ते मागच्या हंगामापासून मेलेलं आहे." काकांनी मान खाजवली. "म्हणून तर रिकामं होतं."

काकांनी खिशातून पिवळा खडू काढला, ज्याने ते टायरांवर डावा-उजवा लिहीत, आणि त्या सॉकेटावर मोठी फुली मारली. म्हणाले, मी पण वरच्या दोघांनाच हात लावून तयार म्हणालो ताई, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि हे मी थोरल्यांना सांगितलंय, तेव्हा तुम्ही एकट्या भाव खाऊ नका. थोरले त्याच वेळी मागून आले. त्यांनी आधी फुलीकडे बघितलं, मग स्टुलाकडे, आणि सांगितलं की पुढच्या वेळेपासून बाईंच्या कोपऱ्याला वेगळा बोर्ड. खुर्चीवर तूच बसशील. बदली शेजारच्या खुर्चीवर बसेल. दोघांनी मिळून बघायचं. ते गेल्यावर तिने त्या वाक्याला सगळीकडून हात लावून बघितला. शिक्षा होती की सोय, कळेना. उद्या सरळ विचारायचं ठरवून तिने बाटली बर्फाच्या पिशवीत ठेवली.

संध्याकाळी ती रस्त्यानेच चालत घरी गेली, कारण लोखंडी कठडे अजून काढलेले नव्हते आणि दुसरी वाट नव्हती. टायरांच्या रबराच्या गोळ्या चपलेला चिकटत होत्या. औषधांच्या दुकानासमोर डबकं होतं. झाडं गळत होती. पांढऱ्या पट्ट्यांवर तिने मुद्दाम पाय घासून बघितला, सटकला. दार सासूबाईंनी उघडलं, ठमी त्यांच्या खांद्यावर मान टाकून, भोकाड पसरून झाल्यानंतरच्या शांतपणात. त्या म्हणाल्या, तुमच्या गाड्यांच्या आवाजाने ही दुपारभर झोपली आणि आवाज थांबला तशी उठली, बाप पण असाच होता, मिक्सरशिवाय डोळा लागायचा नाही. पाणी पिता पिता तिने विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं, की आई, पाऊस येणार नाही हे तुम्हाला कसं कळलं?

"कुठला पाऊस?"

"लंगोट घातलेत ना बाहेर. मी बघितलं, पडद्यावर."

"अगं, आतली दोरी भरलेली होती. बादलीत किती वेळ ठेवू, वास येतो." सासूबाईंनी ठमीला तिच्या हातात दिलं. "आला असता पाऊस तर आला असता. पुन्हा पिळले असते."

ती हसली, मग हसायची थांबली, कारण हसण्याच्या खाली तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पाऊस नाही असं सांगणारं कुणीच नव्हतं. तिच्या पोटात निर्णय बसला तेव्हा तो कशावर बसला होता? दोरीवर नव्हे, डागावर नव्हे, आलेखात तर फटच होती. ती खुर्चीत बसून तो क्षण पुन्हा पुन्हा उघडत राहिली. आत काही सापडेना, आणि न सापडण्याचं वाईटही वाटेना. ठमी तिच्या दंडावर गरम पडली होती. तिने सवयीने तळवे चाचपले. गरम. दोन्ही.

मग उद्यासाठी पंप चार्ज करायला हवा होता. ती भिंतीपाशी वाकली, ठमी डाव्या हातात, प्लग उजव्या. लावला. आणि कुणी ऐकत नाही ना हे बघून, बाबांच्या सुरात म्हणाली, "बघितलंस ना, लावला. आता तू साक्षीदार." ठमीने बघितलं. पण ती प्लगकडे बघत नव्हती, बोर्डाकडेही नाही. ती आईच्या हाताकडे बघत होती, अंगठ्याकडे आणि दोन बोटांकडे, एवढं टक लावून, की जणू ते नक्की काय आहे हे तिला आत्ताच समजून घ्यायचं होतं. आईने हात तसाच धरून ठेवला. आणि मग आठवलं म्हणून, पंपावरचा मुगाएवढा दिवा लागलाय का, ते वाकून बघितलं.